यहोयादा गेल्यावर

देवगड तालुक्यातल्या एका तरुणाचे पत्र आले आहे. त्याचे आजोबा मंडळीचे पंच होते. लहानपणापासून घरची संध्याकाळची प्रार्थना त्यांनीच घेतली. दोन वर्षांपूर्वी ते प्रभूकडे गेले आणि तेव्हापासून याची प्रार्थना सुकली. देवळात जातो, पेटी वाजवतो, अर्पणाचा हिशोब लिहितो. पण एकटा गुडघ्यावर बसला की तोंडातून शब्द फुटत नाही. परवा उपासनेत २ इतिहास २४ वा अध्याय वाचला गेला आणि तो हादरला. "योवाश राजा म्हणजे मीच का? ख्रिस्ती माणसाने त्याच्यापासून काय शिकायचे? मंडळी आजोबांच्या जागी मला पंच करायचे म्हणते, ते घेऊ का? आणि आजोबांचे पवित्र शास्त्रच मी वाचतो, त्यात काही चूक आहे का?" असे त्याचे प्रश्न आहेत. रत्नागिरीपासून वेंगुर्ल्यापर्यंतच्या लहान लहान मंडळ्यांत मी एकतीस वर्षे पाळक होतो. हा प्रश्न वेगवेगळ्या तोंडांनी माझ्याकडे बऱ्याचदा आला आहे, म्हणून उत्तर जरा सविस्तर देतो.

प्रिय भावा, प्रभूच्या नावात सलाम.

आधी तुझ्या भीतीबद्दल बोलतो, ती जरा बाजूला सरली तरच पुढचे तुझ्यापर्यंत पोहोचेल. योवाशाच्या सगळ्या गोष्टीत तो स्वतःच्या आत्म्यासाठी एकदाही घाबरलेला दिसत नाही. त्याला परत आणायला परमेश्वराने संदेष्टे पाठवले, त्यांनी बजावून सांगितले, पण त्याने आणि त्याच्या लोकांनी कान दिला नाही. तू एक अध्याय ऐकलास आणि रात्रभर जागा राहिलास. ज्याला वचन अजून टोचते त्याला मी योवाश म्हणणार नाही. पण योवाश ज्या वाटेने गेला ती वाट तुझ्या दारावरून जाते, हे तुला बरोबर कळले आहे.

आता ती गोष्ट नीट पाहू. यहूदाचा राजा अहज्या मारला गेला तेव्हा त्याची आई अथल्या हिने राजवंशातली सगळी मुले मारायला घेतली. म्हणजे स्वतःची नातवंडे. त्यातले एक तान्हे पोर, म्हणजे योवाश, त्याच्या आत्येने, यहोशेबाने, दाईसकट उचलून लपवले. यहोशेबा ही यहोयादा याजकाची बायको. सहा वर्षे ते मूल परमेश्वराच्या मंदिरात वाढले. सातव्या वर्षी यहोयादाने पहारे लावले, पोराला बाहेर आणून त्याच्या डोक्यावर मुकुट ठेवला, आणि यहोयादाने व त्याच्या मुलांनी त्याला अभिषेक केला. गलका ऐकून अथल्या धावत आली, तेव्हा यहोयादाने हुकूम दिला की हिला परमेश्वराच्या मंदिरात मारू नका, बाहेर न्या. हा हुकूम ध्यानात ठेव.

अशा मुलाला परमेश्वराची ओळख नसेल असे कोण म्हणेल? तो वाढला मंदिरातच. तू लिहितोस की देवळाच्या बाकांवर झोपून तू मोठा झालास; योवाश त्याच्याही पुढचा.

पुष्कळ उपदेशक योवाशाला यहोयादाच्या हातातले बाहुले ठरवून मोकळे होतात. मला ते पटत नाही. २ राजे १२ वा अध्याय उघड. मंदिराची डागडुजी करा म्हणून राजाने याजकांना सांगितले होते. त्याच्या कारकिर्दीचे तेविसावे वर्ष उजाडले तरी काम झालेले नव्हते. म्हणजे राजा तेव्हा तिशीला आलेला. त्याने यहोयादाला आणि बाकीच्या याजकांना समोर बोलावले आणि विचारले, तुम्ही मंदिराची दुरुस्ती का करत नाही? ज्याने त्याचा जीव वाचवला, त्याला गादीवर बसवले, त्यालाच त्याने जाब विचारला, आणि तोही देवाच्या घरासाठी. मग यहोयादाने एक पेटी घेतली, झाकणाला भोक पाडले आणि ती वेदीपाशी उजव्या बाजूला ठेवली. पेटीत पैसे साठले की राजाचा चिटणीस आणि मुख्य याजक येऊन ते मोजत, थैलीत बांधत आणि काम पाहणाऱ्यांच्या हवाली करत. त्यातून सुतार, गवंडी, पाथरवट यांची मजुरी भागे, लाकूड आणि घडीव चिरे विकत घेतले जात. काम पाहणारी माणसे इतक्या इमानाने वागत की त्यांच्याकडून कुणी हिशोबच मागितला नाही. तू अर्पणाची वही लिहितोस, ही ओळ तुला गोड लागेल.

एवढे सगळे खरे होते. योवाशाचा आवेश खोटा नव्हता. पण त्याच्या चाळीस वर्षांच्या कारकिर्दीची दोन्ही पुस्तकांतली हकिगत तू पुन्हा वाच आणि एक गोष्ट शोध: योवाशाची प्रार्थना. मी शोधली आहे. एकही नाही. त्याने परमेश्वराला काही विचारले, त्याच्यापुढे रडला, त्याचे उपकार मानले, असे एका ओळीतही नाही. मंदिराच्या भिंतींची चिंता आहे, लाकडाची आहे, पैशांची आहे. इतिहासकार सुरुवातीलाच लिहून ठेवतो की यहोयादा याजक जिवंत होता तोवर योवाशाने परमेश्वराच्या दृष्टीने नीट ते केले. वाचताना ही स्तुती वाटते, पण तिच्यात मुदत घातलेली आहे.

तुमची हापूसची बाग आहे, तुला कलमांचे मी काय सांगायचे. तरी सांगतो, कारण योवाश मला कलमावरूनच कळला. कोयकलम करताना बाठ्यातून नुकत्या उगवलेल्या कोवळ्या रोपाचा शेंडा छाटतात, मधोमध चीर देतात, हापूसची काडी पाचरीसारखी तासून त्यात बसवतात आणि वरून प्लॅस्टिकची पट्टी घट्ट गुंडाळतात. पट्टी नसेल तर सांधा हलतो, वारा लागतो, काडी वाळते. पण सांधा जुळल्यावर ती पट्टी सोडायची असते. राहिली तर खोड जाड होऊ लागते आणि पट्टी त्याला करकोचा पाडते. कलम वरून हिरवे दिसते आणि तिथेच मोडते. दुसरे, सांध्याच्या खाली खुंटाला फूट येते ती दिसली की खुडायची. ती राहू दिली तर सगळा रस तीच ओढते, हापूस मरतो आणि दोन-चार वर्षांनी तुझ्या बागेत रायवळ उभा असतो.

यहोयादा ही योवाशाची पट्टी होती. देवानेच बांधलेली, अगदी गरजेची. तुझे आजोबाही तसेच. लहान मुलाने मोठ्याच्या विश्वासावर उभे राहावे यात काहीही गैर नाही. पौल तीमथ्याला लिहितो की तुझ्यातला विश्वास आधी तुझी आजी लोईस आणि आई युनीके यांच्यात होता. पण योवाश तिशी ओलांडून गेला तरी त्याचा सांधा स्वतःचा झाला नव्हता आणि ते कुणाच्या ध्यानात आले नाही, कारण पट्टी शाबूत होती. यहोयादा एकशे तीस वर्षे जगला. त्याने देवाचे आणि त्याच्या मंदिराचे भले केले म्हणून लोकांनी त्याला राजांच्या शेजारी मूठमाती दिली. शास्त्र त्याला दोष देत नाही, मीही देणार नाही. पण एवढ्या मोठ्या झाडाच्या सावलीत दुसरे झाड किती रुजले हे सावली गेल्यावरच दिसते.

आणि खुंटाची फूट? राजे पुस्तक एक वाक्य सांगून पुढे जाते: उच्चस्थाने मात्र काढून टाकली नव्हती. लोक तिथे अजून यज्ञ करत, धूप जाळत. मंदिराला नवे लाकूड लागले, आणि टेकडीवर जुने चालूच राहिले. अथल्येचे रक्त त्या घराण्यात होते, बआल पूजणाऱ्या अहाब राजाच्या घराशी सोयरीक होती. खालची फूट कुणी खुडली नाही. तुझ्या घरात, तुझ्या मनात खाली काय फुटते आहे ते मला ठाऊक नाही, तुला असेल.

यहोयादा गेल्यावर यहूदाचे सरदार आले. त्यांनी राजाला नमन केले. शास्त्र म्हणते, मग राजाने त्यांचे ऐकले. ते काय बोलले ते लिहिलेले नाही, वाकले एवढे लिहिले आहे. आयुष्यभर ज्याच्यापुढे योवाश लहान होता तो माणूस गेला, आणि आता पहिल्यांदा पिकलेल्या केसांची माणसे त्याच्यापुढे वाकत होती. माझ्या इतक्या वर्षांच्या अनुभवात मंडळीतली माणसे उघड पापाने जितकी घसरली त्याहून जास्त या वाकण्याने घसरली. "तुमच्याशिवाय कोण करणार?" हे वाक्य मी पंचांना, खजिनदारांना, पाळकांना गिळताना पाहिले आहे. मीही गिळले आहे. थोड्याच दिवसांत त्यांनी परमेश्वराचे मंदिर सोडले आणि अशेरा मूर्तींच्या मागे गेले. कुठले मंदिर? ज्याच्या दुरुस्तीसाठी याच राजाने यहोयादाला जाब विचारला होता तेच.

मग जखऱ्या उभा राहिला. यहोयादाचा मुलगा. देवाचा आत्मा त्याच्यावर आला आणि तो लोकांपुढे उंचावर उभा राहून म्हणाला, तुम्ही परमेश्वराच्या आज्ञा का मोडता? अशाने तुमचे बरे व्हायचे नाही. तुम्ही परमेश्वराला सोडले म्हणून त्यानेही तुम्हाला सोडले आहे. त्यांनी कट केला आणि राजाच्या हुकमाने त्याला दगडमार केला. कुठे? परमेश्वराच्या मंदिराच्या अंगणात. ज्या अंगणात यहोयादाने अथल्येसारख्या बाईचेही रक्त सांडू दिले नव्हते, तिथे त्याच्या मुलाचे रक्त सांडले. ज्या घराने योवाशाच्या डोक्यावर अभिषेकाचे तेल ओतले त्याच घरातला तो मुलगा. इब्री भाषेत जखऱ्या या नावाचा अर्थ परमेश्वर स्मरण करतो असा आहे, आणि त्याचा मृत्यू सांगून लगेच लेखक लिहितो की त्याच्या बापाने केलेल्या दयेचे योवाश राजाने स्मरण केले नाही. मी हे वचन वाचताना दरवेळी थांबतो. थांबावेच लागते.

पुढचे थोडक्यात. वर्ष सरताच अरामी सैन्य आले, थोडेसेच, आणि यहूदाचे मोठे सैन्य त्यांच्या हाती गेले. राजे पुस्तकात आहे की अरामाचा राजा हजाएल यरुशलेमेवर चालून येणार असे दिसल्यावर योवाशाने मंदिराच्या भांडारातले सोने उपसून त्याच्याकडे धाडले. शेवटी घायाळ होऊन पडला असता त्याच्याच चाकरांनी त्याला अंथरुणात मारले. त्याला दाविदाच्या नगरात पुरले, पण राजांच्या थडग्यांत नाही. यहोयादा याजक असून राजांत पुरला गेला, आणि हा राजा असून नाही.

याच्या शेजारी दुसरा एक राजा ठेव: योशिया. तो आठव्या वर्षी गादीवर आला, हा सातव्या. त्यानेही हेच मंदिर दुरुस्त केले, तसेच पैसे जमवून, तसेच सुतार-गवंडी लावून. पण इतिहास सांगतो की राज्याच्या आठव्या वर्षी, म्हणजे सोळाव्या वर्षी, अजून पोरगेलाच असताना, तो दाविदाच्या देवाला शोधू लागला. पुढे दुरुस्ती चालू असता नियमशास्त्राचा ग्रंथ सापडला, तो राजापुढे वाचला गेला, आणि त्याने आपली वस्त्रे फाडली. योवाशापुढे वचन जिवंत माणसाच्या तोंडून आले तेव्हा त्याने दगड उचलायला लावले. तुझ्या दुसऱ्या प्रश्नाचे माझे उत्तर इथे आहे. देवाच्या घराचे काम आणि देवाचा शोध हे जवळजवळ राहतात, एका दारातून येतात-जातात, म्हणून वर्षानुवर्षे आपल्याला फरक कळत नाही. खरे सांगणारा माणूस पुढ्यात उभा राहिला की कळतो.

मला कळला तो दिवस सांगतो. ज्या वडीलधाऱ्या पाळकांनी मला घडवले ते एका मार्चमध्ये गेले. त्या वर्षी मी देवळाची शाकारणी काढली होती. वासे वाळवीने खाल्लेले, रिपा कुजलेल्या, कौले फुटलेली. मृग लागायच्या आत सगळे उतरवून पुन्हा चढवायचे होते. सकाळी सहापासून रात्रीपर्यंत मी त्यातच. दर रविवारी वेदीवरून प्रार्थना करत होतो, पण घरी एकट्याने तोंड उघडले नव्हते, तीन महिने. काम वेळेत झाले. पहिल्या पावसात एक थेंब गळला नाही. सगळ्यांनी हात हातात घेऊन कौतुक केले. शेवटच्या बाकावर बसणारी एक म्हातारी बाय मात्र उपासना झाल्यावर दारात थांबली आणि हळूच म्हणाली, "पाळकानू, देवळाचां छप्पर झालां. आता तुमचां काय ता बघा." मला राग आला. इतका की पुढचे तीन आठवडे मी तिच्या वाडीत फिरकलो नाही, दुसऱ्या सगळ्या घरी गेलो. चौथ्या आठवड्यात उपदेशासाठी शास्त्र चाळताना हाच अध्याय समोर आला आणि मला दिसले की माझ्या हातात दगड आहे. त्याच संध्याकाळी तिच्याकडे गेलो. तिने काही विचारले नाही, पेजेचा वाडगा पुढे केला आणि मी खाल्ल्यावर म्हणाली, "चला, प्रार्थना करूया." ती बोलली. मी फक्त आमेन म्हणालो. माझी सुरुवात पुन्हा तिथून झाली.

आता तुझे बाकीचे.

पंचाची जागा एवढ्यात घेऊ नकोस. मंडळी प्रेमाने देते आहे हे मला ठाऊक आहे, आणि नाही म्हणणे आपल्याकडे उद्धटपणा धरतात हेही. पण ते तुला आजोबांची जागा देत आहेत, तुझी नाही. पाळकसाहेबांकडे जा आणि खरे कारण सांग: माझी स्वतःची प्रार्थना उभी राहायची आहे, मला एक वर्ष द्या. ते समजतील. हिशोबाची वही सोडू नकोस, ते काम कुणाच्या डोळ्यांवर येत नाही आणि तुझ्यासाठी ते चांगले आहे. पेटीही वाजव.

एक जखऱ्या शोध. तुझ्याहून मोठा असो की धाकटा, पण तुझ्यापुढे वाकणारा नसावा. त्याला आजच, डोके शांत असताना, सांगून ठेव की माझे चुकते आहे असे दिसले तर बोल, मी रागावलो तरी बोल. राग येणारच. राग आल्यावर त्याच्या घरी जाणे थांबवायचे नाही, एवढेच सांभाळ.

प्रार्थनेत शब्द येत नाहीत म्हणतोस. माझा अंदाज असा की तुला आजोबांचे शब्द येतात, त्यांच्या लकबीने, आणि ते तुझ्या तोंडात खोटे वाटतात म्हणून तू गप्प होतोस. ते गप्प होणे मला प्रामाणिक वाटते. विहिरीवर प्रभू येशूशी बोललेल्या बाईला तिच्या गावचे शोमरोनी लोक म्हणाले होते की आता आम्ही तुझ्या सांगण्यावरून विश्वास ठेवत नाही, आम्ही स्वतः ऐकले आहे. त्यांनी तिला खोटे ठरवले नाही. तिचेच ऐकून ते आले होते, पण मग प्रभू दोन दिवस त्यांच्याजवळ राहिला. आपल्या इकडचेच उदाहरण घे: नारायण वामन टिळक रत्नागिरी जिल्ह्यातल्या करजगावात जन्मले. १८९५ साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला तेव्हा लक्ष्मीबाई त्यांच्यामागोमाग गेल्या नाहीत. काही वर्षे लोटली, दोघांनाही फार सोसावे लागले, आणि मग त्या स्वतःच्या मनाने, स्वतः विचार करून प्रभूकडे आल्या. नवऱ्याच्या विश्वासावर त्या ख्रिस्ती झाल्या असत्या तर आपल्याला ती बाई मिळालीच नसती. तर तू रोज एक स्तोत्र मोठ्याने वाच आणि त्याखाली तुझे स्वतःचे एकच वाक्य बोल, साध्या घरच्या भाषेत. "देवा, मला काही वाटत नाही" हे वाक्यसुद्धा चालते. स्तोत्रांत याहून कडू वाक्ये आहेत.

आणि योवाशासारखे झालेच तर पुढे काय, ही भीती तुझ्या पत्राच्या तळाशी आहे. जखऱ्या मरताना म्हणाला, परमेश्वर हे पाहो आणि याचा झाडा घेवो. प्रभू येशूने स्वतः त्या रक्ताची आठवण काढली, हाबेलाच्या रक्तापासून जखऱ्याच्या रक्तापर्यंत असे म्हणून. पण वधस्तंभावर त्याचे स्वतःचे रक्त वाहू लागले तेव्हा तो म्हणाला, बापा, त्यांना क्षमा कर. इब्री लोकांस पत्र म्हणते की हे रक्त हाबेलाच्या रक्तापेक्षा चांगले बोलते. दगड हातात घेतलेल्या माणसांसाठीच ते बोलले गेले होते. मी त्यावरच उभा आहे.

आजोबांचे पवित्र शास्त्र वाचत राहा, त्यात काही चूक नाही. पण त्यांनी जिथे जिथे लाल पेन्सिलीने रेघ मारली आहे तिथेच तुझी नजर जाते, असे तू लिहिले आहेस. म्हणून एक दुसरी प्रत घे, कोरी, स्वस्तातली चालेल. सकाळी ती उघड. रेघा तू मार, आपल्या हाताने, जिथे तुला टोचेल तिथे. वर्षभराने दोन्ही प्रती शेजारी ठेव आणि कुठे कुठे तुम्हा दोघांची रेघ एकाच वचनावर पडली आहे ते मला कळव.